मेंढ्या आधी घराजवळ आणायच्या

अकरावीला मी जालन्यात आले, तेव्हा दादा तिथंच पॉलिटेक्निकच्या दुसऱ्या वर्षाला होता. जुन्या जालन्यात एका घराच्या माडीवर आम्हा बहीणभावाला मिळून एक खोली होती. लोखंडी पलंग माझा, खाली सतरंजी दादाची आणि खिडकीखालच्या टेबलावर कॉम्प्युटर. तो दादानं स्वतः जमवलेला. मॉनिटर एका दुकानातला जुना, सीपीयूचा डबा मित्रानं टाकून दिलेला, कीबोर्डवरची निम्मी अक्षरं पुसलेली. अभ्यासासाठी म्हणून आणलेल्या त्या कॉम्प्युटरवर अभ्यासाच्या फायली दोन. बाकी सगळा एक गेम.

गेमचं खरं नाव इंग्रजी आणि लांबलचक होतं. आम्ही त्याला ‘राज्य’ म्हणायचो. सुरुवातीला पडदा सगळा काळा, मधोमध उजेडाचा एक तुकडा. त्यात एक मोठं घर, तीन गावकरी आणि एक घोडेस्वार. एवढ्यावर संसार उभा करायचा. झाडं तोडायची, शेतं करायची, सोनं खणायचं, किल्ला बांधायचा आणि शेवटी शेजाऱ्याचं राज्य मोडायचं. बुद्धिबळासारखं आधी तू, मग मी असं त्यात नव्हतं. आपण विचार करत बसलो तरी समोरचा थांबत नाही, त्याची कुऱ्हाड चालूच असते. दादा त्यामुळं चिडायचा. मला तेच आवडायचं.

शेत करायला आधी लाकूड लागतं, म्हणून सुरुवातीला गावकऱ्यांचं पोट चालायचं ते आसपास भटकणाऱ्या मेंढ्यांवर. आणि मेंढ्या ही आमच्या घरातली गोष्ट. आमचे आजोबा वर्षातले आठ महिने कळपामागं रानोमाळ असायचे. वडिलांच्या, म्हणजे अण्णांच्या काळात वडीगोद्रीच्या अलीकडं चार एकर शेत झालं, कालव्याचं पाणी आलं, ऊस आला, तरी सत्तर-ऐंशी मेंढ्यांचा कळप त्यांनी सोडला नव्हता. शेत मायचं आणि मेंढ्या अण्णांच्या, अशी घरात वाटणी होती.

अण्णा दर बुधवारी एसटीनं आमच्यासाठी भाकरी आणि ठेचा घेऊन यायचे. पलंगावर टेकून पाणी प्यायचे, दोघांकडं एकदा नीट बघायचे आणि परतीच्या गाडीला निघायचे. एका बुधवारी त्यांची गाडी चुकली. पुढची दोन तासांनी होती. दादा राज्य खेळत होता. अण्णा त्याच्या मागं उभे राहिले.

“ह्या मेंढ्या कोणाच्या?”

“कोणाच्याच न्हाईत,” दादा म्हणाला. “ज्याचा माणूस पैले बघंल त्याच्या.”

“आन् मंग दुसऱ्यानं बघितल्या तर?”

“आपलं कोणी जवळ नसलं तर त्याच्या होतेत. त्यांचा रंग बदलतो.”

“बराबर हाये,” अण्णा म्हणाले. “आपुन बी पाठीवर रंग लावतोच की.”

एवढ्यात दादानं तिन्ही गावकरी मेंढ्या उभ्या होत्या तिथंच पाठवले आणि एकदम सगळ्या पाडल्या. अण्णा कळवळले.

“आरं, आरं, तिथं कामून मारू राह्यला? मेंढ्या आधी घराजवळ आन. मंग एक-एक घे. एकदम चार पाडल्या तर तीन सडून जातील. खानारी तोंडं किती हायेत तुह्याकडं?”

“अण्णा, हा गेम हाये.”

“गेम असू दे. मटन हायेच ना?”

दादा हसला, पण मी तो डाव पुन्हा सुरू करायला लावला. मेंढ्या आधी मोठ्या घराच्या सावलीत आणल्या आणि एकेक घेतली. गावकऱ्यांच्या खेपा वाचल्या, मांस वाया गेलं नाही, आणि पहिल्यांदाच आमची लोकसंख्या न अडता वाढत गेली. अण्णा म्हणाले, “घोडेवाल्याला बसवू नको. घराभवती घिरट्या घालाय लाव. फुटलेलं मेंढरू लांब जात न्हाई.” घोडेस्वार फिरवला, तर काळोखातून आणखी दोन मेंढ्या निघाल्या. ते बघून अण्णांना इतका आनंद झाला, की जणू आमच्याच कळपातल्या सापडल्या. दुसरी गाडीही त्या दिवशी चुकता चुकता राहिली.

दादाच्या कॉलेजातली पोरं रविवारी दुपारी एका कॉम्प्युटर क्लासात जमून हाच गेम दोघादोघांच्या जोड्या करून खेळायची. दादा तिथं नेहमी हरायचा. एका रविवारी त्याचा जोडीदार गावाला गेला आणि त्यानं मला नेलं. मुलगी खेळणार म्हटल्यावर क्लासवाल्यानं माझ्यासाठी खुर्ची पुसून दिली आणि समोरच्या पोरांनी एकमेकांकडं बघितलं. मी काही विशेष केलं नाही. मेंढ्या घराजवळ आणल्या, एकेक घेतली, घोडेस्वार फिरवत ठेवला आणि समोरच्यांच्या दोन मेंढ्या त्यांच्या नकळत हाकलून आणल्या. पाऊण तासात ते दोघं हरले. पुढच्या डावात मात्र दुसऱ्या जोडीनं आमचा असा काही धुव्वा उडवला, की दादा घरी येईपर्यंत बोलला नाही. नंतर खोलीचं कुलूप काढता काढता म्हणाला, “पैला डाव मात्र लै भारी झाल्ता.” बुधवारी अण्णा आल्यावर त्यांना त्यानं फक्त पहिल्या डावाचं सांगितलं.

मग आमच्या वाटा पांगल्या. दादाला पुण्यात नोकरी लागली. मी शेतकीची पदवी घेतली आणि एमआयडीसीतल्या एका बियाण्याच्या कारखान्यात उगवण तपासायच्या लॅबमध्ये लागले, अजून तिथंच आहे. नवरा लोखंडाच्या मिलमध्ये सुपरवायझर. राज्याची सीडी माझ्या लग्नाच्या सामानात चुकून आली होती. ती चरे पडून पडून बंद पडली, आणि त्याचं फारसं वाईट वाटायलाही कोणाला वेळ नव्हता.

तीन वर्षांपूर्वी अण्णा कालव्याच्या भरावावरून घसरले आणि त्यांचं खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन जालन्यात झालं. माय गावात एकटी, शेत तिच्यावर, म्हैस तिच्यावर, आणि रोज सकाळी कळप ओरडायला लागायचा. शेजारचे लोक दोन-चार दिवस मेंढ्या फिरवून आणतात, महिनोन्‌महिने नाही. दादा पुण्याहून आला होता. त्यानं गावातून मला फोन केला.

“मायला हे झेपत न्हाई. मेंढ्या काढाव्या लागतील. तुला काय वाटतं?”

मी दवाखान्याच्या जिन्यात उभी होते. “काढ,” म्हणाले.

“अण्णाला इचारू का?”

“आत्ता नको,” मी म्हणाले.

अण्णा दोन आठवड्यांनी घरी गेले. वॉकर धरून पहिल्यांदा गेले ते मेंढ्या कोंडायच्या वाडग्याकडं. वाडगं झाडून स्वच्छ केलेलं होतं. अण्णा बराच वेळ तिथं उभे राहिले आणि मग त्यांनी विचारलं, “कोनी इकल्या?”

“मी,” दादा म्हणाला.

मी अण्णांच्या शेजारी, त्यांच्या कोपराला धरून उभी होते. मी काहीच बोलले नाही. आधी वाटलं, आज नको, अण्णांची तब्येत नाजूक आहे. मग वाटलं, आता सांगून काय उपयोग. आणि नंतर नंतर न सांगणं सोपं होत गेलं.

अण्णा दादाशी बोलायचे थांबले. भांडण नाही, शिवी नाही, फक्त बोलणं बंद. दिवाळीला दादा आला, पाया पडला, तर अण्णांनी नजर म्हशीकडं वळवली. दादा फोन मायला करायचा आणि “अण्णा कसे हायेत?” एवढं विचारून ठेवायचा. मला त्यानं कधी एका शब्दानं म्हटलं नाही, की तूही होतीस.

मागच्या वर्षी एका दुपारी त्याचा मला फोन आला. मी लॅबमध्ये ओल्या कागदावरचे सोयाबीनचे कोंब मोजत होते. नेहमीच्या दोन मिनिटांच्या फोनपेक्षा आवाज वेगळा होता.

“अगं, राज्य परत आलंय!”

“कोणाचं?”

“आपलं! त्याच कंपनीनं सगळं नवं करून काढलंय. तुला पाठवलंय, घरी गेल्यावर बघ.”

संध्याकाळी लॅपटॉपवर ते उतरवून घेतलं आणि नवऱ्याच्या चहाचं आधण आटून गेलं. गेम तोच होता, पण कोणी तरी त्याच्यावरची सगळी धूळ पुसल्यासारखा. पूर्वी नुसते ठिपके वाटणारी झाडं आता पानापानांची. जवळ जाऊन बघितलं तर गावकऱ्याच्या डोक्यावरचं मुंडासं दिसायचं. नदी खरंच वाहायची. घर पडलं तर विटा विटांनी पडायचं. मेंढीच्या अंगावरची लोकर वळ्यावळ्यांची दिसत होती. पण कुऱ्हाडीचा ठोका, घोडेस्वाराचं हुंकारणं, सगळं पूर्वीसारखं. चाळीशी जवळ आलेली मी एकटीच हसत बसले होते.

मग दर रविवारी दुपारी दादा पुण्यातून आणि मी जालन्यातून, एका बाजूनं खेळायला लागलो. फोन स्पीकरवर टेबलावर ठेवलेला. गेल्या दोन वर्षांत बोललो नसू इतकं त्या रविवारांत बोललो, पण सगळं लाकूड, सोनं आणि तटबंदीबद्दल. अण्णांचा विषय निघाला की दोघंही घाईनं पुढच्या हल्ल्याचं बोलायचो.

उन्हाळ्याच्या तोंडाला अण्णांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं आणि ते माझ्याकडं राहायला आले. शनिवारी एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी सोमवारी काढायची होती आणि दुसऱ्या डोळ्यानं त्यांना आधीच नुसता धूर दिसायचा. रविवारी जेवून ते आतल्या खोलीत आडवे झाले. झोपले असतील म्हणून मी बाहेर खेळायला बसले. दादा लाइनवर होता. माझ्या घोडेस्वाराला मेंढी सापडली आणि ती ओरडली.

आतून आवाज आला, “बाई, दारात कोनाचं मेंढरू आलंय?”

मी काही बोलायच्या आत भिंतीला हात लावत अण्णा बाहेर आले. लॅपटॉपमधली मेंढी पुन्हा ओरडली. अण्णांनी तोंड तिकडं फिरवलं.

“हे ते राज्य का?”

“हो अण्णा. नवीन निघालंय.”

ते माझ्या शेजारी खुर्चीवर बसले. फोनमधून दादाचा श्वाससुद्धा ऐकू येत नव्हता. मला वाटलं, त्यानं ठेवला.

“किती सापडल्या?” अण्णांनी विचारलं.

“चार माझ्या. दादाकडं...” मी अडखळले. “दादा फोनवर हाये, अण्णा.”

अण्णांनी पट्टीच्या कडेला बोट लावलं, काढलं. मग म्हणाले, “त्याला सांग, आधी घराजवळ आन.”

दादाला ते ऐकू गेलेलं होतंच. तरी मी म्हटलं, “दादा, आधी घराजवळ आन म्हणतेत.”

“बरं,” फोनमधून बारीक आवाज आला. “त्यांना सांग, आणल्या.”

“आणल्या म्हणतो.”

“त्याला सांग, घोडेवाला फिरता ठेव.”

असा अर्धा तास गेला. दोघांना एकमेकांचं सगळं ऐकू येत होतं आणि मी मधे बसून एकाचं वाक्य दुसऱ्याला सांगत होते. मला हसू येत होतं. तेवढ्यात दादाची चूक झाली. त्यानं लांबून आणलेल्या दोन मेंढ्या वाटेत उभ्या ठेवल्या आणि लाकडाकडं लक्ष दिलं. शत्रूचा घोडेस्वार आला आणि त्या घेऊन गेला.

“गेल्या,” दादाच्या तोंडून निघालं.

“कश्या गेल्या?” अण्णा एकदम फोनकडं वाकले. “एकट्या सोडल्या का तू त्या? कोनाला न इचारता मेंढरं गेली म्हनजे काय? धन्याला सांगशील का न्हाई?”

माझे गावकरी आपापलं तोडत-खणत होते. दादा म्हणाला, “चुकलं, अण्णा.”

अण्णा पाठ टेकून बसले. हळू आवाजात, पण सरळ फोनकडं तोंड करून त्यांनी विचारलं, “खाटकाला दिल्या का रे?”

“न्हाई! न्हाई अण्णा. तीन दिवस फिरलो. भोकरदनच्या अंगाला एक मेंढपाळ हाये, त्याला अख्खा कळप दिला. एक बी फोडली न्हाई.”

“मंग सांगितलं कामून न्हाई?”

“तुम्ही बोलतच नव्हते.”

पट्टी ओली होऊ द्यायची नाही असं डॉक्टरांनी बजावलं होतं, म्हणून मी रुमाल घेऊन उठले, तर अण्णांनी तो माझ्या हातातून घेतला आणि दुसरा डोळा पुसला. मलाही हे माहीत नव्हतं. दोन वर्षांत मी दादाला कधी विचारलंच नव्हतं, की मेंढ्या कुठं गेल्या.

सोमवारी पट्टी निघाली. त्या दिवसापासून दर दोन तासांनी डोळ्यात थेंब घालायचे होते. मंगळवारी सकाळी कामावर निघण्याआधी मी थेंब घालायला बसले. अण्णांची मान मागं टेकलेली, नजर छताकडं. माझ्याकडं बघता येणार नाही, अशा वेळी मला बोलता आलं.

“अण्णा, मेंढ्या काढायला मीच हो म्हणाले होते. तुम्हाला विचारू नको असंही मीच म्हणाले.”

“थेंब गालावर गेला,” अण्णा म्हणाले. “नीट घाल.”

संध्याकाळी घरी आले, तर ते फोनवर बोलत होते. दादाशी. मला बघून फोनमध्ये म्हणाले, “तुही बहीन आली. तिला सांग, चहात साखर कमी टाक.” फोनमधून दादाचा आवाज आला, “अगं, साखर कमी टाक म्हणतेत.” त्याला हसू आवरत नव्हतं. पुढचे दोन दिवस असेच गेले. माझ्याच घरात बसून अण्णा पुण्याला फोन लावायचे आणि मला निरोप द्यायचे. भाजी खारट झाली, पंखा हळू कर, थेंबांची वेळ झाली. मी गुपचूप ऐकत होते. मला मिळायला हवं होतं ते दोन वर्षं उशिरा मिळत होतं, आणि खरं सांगायचं तर त्यानं मला हलकंच वाटत होतं.

गुरुवारी मी दारात चपला काढत होते तेव्हा त्यांना राहवलं नाही.

“त्या नव्या राज्यात शेत आपोआप पेरलं जातं म्हनला तो. खरं का गं?”

ते माझ्याशी बोलले होते. मी चपला तशाच टाकून सांगायला लागले. जुन्या गेममध्ये पीक संपलं, की प्रत्येक शेत हातानं परत पेरावं लागायचं. विसरलं तर गावकरी शेताच्या बांधावर नुसते उभे राहायचे. आता ते आपोआप होतं.

“म्हनजे बी तुह्या कारखान्याचं असंल,” अण्णा म्हणाले आणि स्वतःच्या विनोदावर स्वतःच खूश झाले.

महिन्यानं त्यांचा काळा चष्मा सुटला, तेव्हा दादा पुण्याहून गाडी घेऊन आला. अण्णा पुढं बसले, मी मागं. भोकरदनच्या पुढं एका पडीक माळावर तो मेंढपाळ कळप घेऊन उभा होता. दादानं आधी फोन करून ठेवला होता. अण्णांच्या मेंढ्यांच्या डाव्या कानाला दोन खाचा असायच्या. दोन वर्षांत काही विकल्या गेल्या होत्या, काही मेल्या होत्या. अण्णा काठी टेकत कळपात शिरले आणि एकेक कान बघत फिरले. नऊ सापडल्या. नऊ म्हणताना त्यांचा चेहरा कसा होता ते मला सांगता येणार नाही, कारण मी दादाकडं बघत होते. तो गाडीला टेकून उभा होता आणि बुटानं माती उकरत होता.

एका म्हाताऱ्या मेंढीचा पाय अण्णांनी वर उचलून बघितला आणि मालकाला रागावले, “खूर वाढलाय हिचा. पावसाच्या आधी काढ, न्हाई तर लंगडंल.” मालकानं मान हलवली आणि चहा मागवला. मेंढ्यांनी त्यांना ओळखलं की नाही, देव जाणे. त्या चरत राहिल्या. चहा पिऊन निघताना अण्णा मालकाला म्हणाले, “बरं राखलंस.” परतीच्या वाटेवर दादानं विचारलं, “परत चार-पाच घ्यायच्या का अण्णा?” अण्णा म्हणाले, “आता माह्याच्यानं न्हाई होत. बिलकुल न्हाई. राहू दे तिथंच.” मग जालन्यापर्यंत ते कांद्याच्या भावाबद्दल बोलत होते.

दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशनही झालं. अण्णा आता गावाला आहेत, पण महिन्यातून एक रविवार माझ्याकडं असतात. माउस त्यांना जमत नाही, बोट थरथरतं. म्हणून माउस माझ्या हातात आणि हुकूम त्यांचे. लढाईत त्यांना काडीचा रस नाही. शत्रू आला, की ते म्हणतात, “ते तू बघ,” आणि पाणी प्यायला उठतात. मी झाडं जास्त तोडते अशी त्यांची कायमची तक्रार आहे. मागच्या खेपेला त्यांनी बराच वेळ पडद्यावर डोळे बारीक करून पाहिलं आणि विचारलं, “ह्यात कुत्रं कुठं हाये?”

“कुत्रं न्हाई अण्णा.”

“कळपाला कुत्रं न्हाई? लांडगे टाकलेत, आन् कुत्रं न्हाई? इतकं सगळं नवं केलं, मंग एक कुत्रं टाकायला काय झाल्तं?”

दादानं खरंच बसून त्या कंपनीला इंग्रजीत लिहून पाठवलं, की आमच्या वडिलांचं असं म्हणणं आहे. अजून उत्तर नाही. प्रत्येक रविवारी खेळाला बसताना अण्णा फोनमध्ये तोंड घालून आधी तेच विचारतात, आणि दादा म्हणतो, “आज-उद्या येईल अण्णा, तवर तुम्हीच लक्ष ठेवा.”